रस्ता नाही, ओळख नाही की परवानगी नाही? फाइल शेअरिंगचे तुमचे प्रश्न

या वेळचा पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त लोकांचं रडगाणं एकच, एका कॉम्प्युटरवरचा फोल्डर दुसऱ्यावरून उघडत नाही. आणि बहुतेकांनी लिहिलंय काय, तर "एरर येतो, उपाय सांगा". अहो पण कुठला? "नेटवर्क पाथ सापडला नाही" म्हणजे तुम्ही त्या मशीनपर्यंत पोचलाच नाहीत. "यूजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा" म्हणजे पोचलात पण ओळख पटली नाही. आणि "ॲक्सेस डिनाइड" म्हणजे ओळख पटली, तरी आत सोडायचं नाही असं त्या मशीनवर कुठेतरी लिहिलेलं आहे. पहिल्याचा उपाय तिसऱ्याला लावला तर काम होत नाहीच, वर रस्ता मोकळा करायला म्हणून फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या नकोशांना अडवणारा विंडोजचा पहारेकरी, बंद केलेली असते ती पुढे सहा महिने तशीच राहते. एएमसीच्या, म्हणजे वर्षभराच्या देखभाल कराराच्या कामात हे इतक्या ऑफिसांत बघितलंय की आता नवीन ठिकाणी गेलो की आधी फायरवॉल चालू आहे का तेच बघतो.

तेव्हा पुढच्या वेळी एररचं वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवा, मोबाइलवर फोटो काढून पाठवलात तरी चालेल. आणि खाली ज्या कमांड दिल्यात त्या छापायच्या सोयीसाठी मराठीत आहेत, टाइप इंग्रजीतच करायच्या, नाहीतर परत पत्र येईल की "कमांड चालत नाही".

प्रश्न: नमस्कार सर, आमचं जीएसटी आणि इन्कम टॅक्सचं छोटं ऑफिस आहे, मी आणि दोन असिस्टंट. विंडोज १० च्या एका पीसीवर सगळ्या क्लायंटच्या फाइल्स ठेवल्यात, पासवर्ड वगैरे काही ठेवला नव्हता आणि पाच वर्षं मस्त चाललं. आता नवीन लॅपटॉप घेतला, विंडोज ११ प्रो, त्यावरून फोल्डर उघडायला गेलं की येतं, तुमच्या संस्थेच्या सिक्युरिटी पॉलिसीमुळे गेस्ट ॲक्सेस ब्लॉक केला आहे. आमची संस्था म्हणजे आम्ही तिघं, आणि आम्ही कसलीही पॉलिसी केलेली नाही! जुन्या दोन मशीनवरून अजून उघडतंय. दुकानदार म्हणतो लॅपटॉप फॉरमॅट मारून विंडोज १० टाकू.
— कर सल्लागार, नाशिक

उत्तर: फॉरमॅट मारू नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नव्या लॅपटॉपवर ते टाकायचं म्हणजे नवीन गाडीला जुने टायर.

पॉलिसी तुम्ही केलेली नाही, मायक्रोसॉफ्टने केलीय, फक्त मेसेजमध्ये "तुमची संस्था" असं लिहून लोकांना उगाच घाबरवलंय. झालंय असं की तुमच्या जुन्या पीसीवर "पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग" बंद आहे, म्हणजे येईल तो माणूस गेस्ट म्हणून आत. विंडोज ११ चं २४एच२ व्हर्जन २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलं, त्यापासून प्रो एडिशन गेस्ट म्हणून जायलाच नकार देते. का, तर समोरचा पीसी खरंच तुमचा आहे की कोणी मध्येच बसलाय हे गेस्ट कनेक्शनमध्ये तपासता येत नाही. २४एच२ प्रो ला नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पाकिटावर सही लागते, म्हणजे एसएमबी साइनिंग (एसएमबी ही विंडोजची फाइल शेअरिंगची भाषा), आणि गेस्टकडे सही करायला पासवर्डच नसतो. एंटरप्राइज आणि एज्युकेशन एडिशनमध्ये गेस्टची बंदी २०१७ पासूनच होती, आता ती तुमच्या-माझ्यापर्यंत आली.

इंटरनेटवर तुम्हाला ग्रुप पॉलिसीतून गेस्ट परत चालू करायची युक्ती सापडेल, चालते पण ती. माझं मत विचाराल तर ज्या फोल्डरमध्ये लोकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट आहेत तो फोल्डर बिनपासवर्डचा पाच वर्षं राहिला हेच नशीब समजा आणि या निमित्ताने नीट करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

फाइल्सवाल्या पीसीवर एक लोकल यूजर, म्हणजे त्याच पीसीपुरतं खातं, बनवा, समजा नाव "ऑफिस", त्याला पासवर्ड द्या. पासवर्ड रिकामा ठेवू नका, कारण रिकाम्या पासवर्डचं खातं विंडोज फक्त समोर बसून लॉगिन करायला चालवतं, नेटवर्कवरून आलात की "अकाउंट रिस्ट्रिक्शन" असं काहीतरी म्हणून हाकलतं. मग फोल्डरच्या शेअरिंगमध्ये "एव्हरीवन" काढून "ऑफिस" टाका, रीड-राइट द्या, आणि पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग चालू करा. आता लॅपटॉपवरून फोल्डर उघडला की यूजरनेम विचारेल, तिथे नुसतं "ऑफिस" न लिहिता आधी त्या पीसीचं नाव, मग उलटा स्लॅश, मग "ऑफिस" असं लिहा, नाहीतर लॅपटॉप आपल्याच घरातला "ऑफिस" नावाचा माणूस शोधत बसतो. जुन्या दोन मशीनवरही हाच यूजर टाकावा लागेल, कारण गेस्टचं दार आता सगळ्यांनाच बंद.

इथे हमखास फसायच्या तीन जागा. एक, पिन. तुम्ही रोज पीसी चालू करताना जो चार-सहा आकडी पिन टाकता तो नेटवर्कवर चालत नाही, तो फक्त त्याच मशीनपुरता असतो. म्हणून वेगळा यूजर बनवलेला बरा, नाहीतर तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि त्याचा खरा पासवर्ड टाकावा लागतो जो कोणालाच आठवत नसतो. दोन, चुकीचा पासवर्ड एकदा "लक्षात ठेव" वर टिक करून टाकला की विंडोज तोच परत परत पाठवतं आणि तुम्हाला विचारतच नाही. कंट्रोल पॅनलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, विंडोज क्रेडेन्शियल्समधून त्या पीसीची नोंद उडवा. त्यानंतरही "एकाच यूजरने एकापेक्षा जास्त नावाने कनेक्शन करता येत नाही" असं म्हणाला, त्याचा नंबर १२१९, तर जुनं कनेक्शन मागे लटकलेलं आहे. नेट यूज स्टार स्लॅश डिलीट ही कमांड द्या किंवा सरळ लॅपटॉप रीस्टार्ट करा.

आणि तिसरी जागा जी फार कमी लोकांना माहीत असते. नेट यूजर कमांडने खातं बनवलं तर त्याचा पासवर्ड ४२ दिवसांनी एक्स्पायर होतो, विंडोजची तशी डीफॉल्ट सेटिंग आहे. दीड महिना सगळं सुरळीत चालतं आणि एका सकाळी, ती बहुतेक रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेचीच असते, फोल्डर बंद. मी स्वतः एका ऑफिसात यासाठी राउटर बदलून आलोय, लाज वाटते सांगायला. प्रो एडिशनमध्ये लोकल यूजर्स अँड ग्रुप्समध्ये जाऊन त्या यूजरला "पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स" वर टिक करा. होम एडिशनमध्ये तो भाग नसतो, तिथे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून नेट अकाउंट्स स्लॅश मॅक्सपीडब्ल्यूएज कोलन अनलिमिटेड.

प्रश्न: मी निवृत्त आहे, वय ७१. घरी माझा लॅपटॉप आणि नातीचा लॅपटॉप, दोन्ही एकाच वायफायवर. नातीने बंगलोरला जायच्या आधी दोन्हीत फोटोंचा फोल्डर शेअर करून दिला होता. नवीन इंटरनेट कनेक्शन घेतल्यापासून तिचा लॅपटॉप माझ्याकडे दिसतच नाही. कोड येतो ८००७००३५ आणि त्याच्या आधी शून्य-एक्स.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: काका, कोड लिहून पाठवलात म्हणून तुमचं पत्र गठ्ठ्यात वर आलं. हा "नेटवर्क पाथ सापडला नाही" चा कोड, म्हणजे पासवर्डबिसवर्डचा इथे संबंधच नाही, रस्ताच तुटलाय.

कनेक्शन बदललं की विंडोजसाठी ते नवीन नेटवर्क असतं, आणि नवीन नेटवर्क ते "पब्लिक" धरतं, म्हणजे तुम्ही जणू स्टेशनवरच्या फुकट वायफायवर बसलाय असं समजून बाकीच्यांपासून लपून राहतं. दोन्ही लॅपटॉपवर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग तुमच्या वायफायच्या प्रॉपर्टीज, तिथे "प्रायव्हेट" करा. नातीच्या लॅपटॉपवर जास्त महत्त्वाचं, कारण फोल्डर तिथे आहे. दहातल्या सात वेळा एवढ्यावर भागतं, हा माझा अंदाज आहे, कोणी मोजलेलं नाही.

नाही भागलं तर वायफायचं नाव नीट बघा. नवीन राउटर लावायला आलेला मुलगा कधीकधी दोन नावं करून जातो, एक घरचं आणि एक "गेस्ट". गेस्टवर जोडलेल्या मशीनना एकमेकांशी बोलू द्यायचंच नाही अशी राउटरची सोय असते, नेट चालतं पण शेजारचा लॅपटॉप दिसत नाही. दोघं घरच्या नावावर हवेत.

आणि "दिसत नाही" म्हणजे "पोचत नाही" असं नाही हं. नेटवर्कमध्ये नाव दिसायला फंक्शन डिस्कव्हरी नावाच्या दोन सर्व्हिस चालू लागतात, त्या झोपल्या तर यादीत नाव येत नाही पण फोल्डर उघडतो. नातीच्या लॅपटॉपचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा नंबर, बघा, असा काहीतरी असेल, १९२.१६८.१.१०, आणि तुमच्याकडे फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलटे स्लॅश देऊन तो टाका. उघडलं तर शॉर्टकट करून डेस्कटॉपवर ठेवा आणि यादीच्या नादी लागू नका. फक्त हा नंबर राउटर पुढेमागे बदलू शकतो, तसं झालं तर शॉर्टकट नवीन नंबरचा करावा लागेल. नंबर १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मात्र त्या लॅपटॉपला राउटरकडून नंबरच मिळालेला नाही, आधी ते बघा.

प्रश्न: आमची ऑफसेट प्रेस आहे. चार डीटीपी ऑपरेटर, सगळं काम एका पीसीच्या डी ड्राइव्हवर "जॉब्स" फोल्डरमध्ये. तो फोल्डर एव्हरीवन फुल कंट्रोल देऊन शेअर केलाय, याच्यापेक्षा जास्त काय द्यायचं? तरी त्यातले काही फोल्डर उघडतात आणि काही ॲक्सेस डिनाइड. पॅटर्न कळत नाही. लग्नपत्रिकेचा उघडतो, त्याच्या शेजारचा कॅलेंडरचा उघडत नाही. दादा काहीतरी करा, सीझन तोंडावर आहे.
— प्रेसवाले, कोल्हापूर

उत्तर: पॅटर्न आहे, सांगतो.

जुना वाडा डोळ्यासमोर आणा. दिंडी दरवाजा उघडा ठेवला म्हणून कोठीच्या खोलीचं कुलूप निघत नाही. तुम्ही "शेअरिंग" टॅबमध्ये जे एव्हरीवन फुल कंट्रोल दिलंत तो दिंडी दरवाजा. त्याच खिडकीत शेजारी "सिक्युरिटी" नावाचा टॅब आहे, ती एनटीएफएसची, म्हणजे विंडोज ड्राइव्हवर फाइल्स ठेवतं त्या पद्धतीची परवानगी, ते आतलं कुलूप. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही पार करावे लागतात आणि दोन्हीत जी परवानगी कडक ती लागू होते. शेअरिंगला फुल आणि सिक्युरिटीत काहीच नाही तर हातात काहीच नाही.

आता काही फोल्डर उघडतात आणि काही नाही, ते का? तुमच्याकडे कोणीतरी काम आधी दुसरीकडे करतो, स्वतःपुरत्या बंद फोल्डरमध्ये, आणि झालं की कट-पेस्ट करून "जॉब्स" मध्ये टाकतो. एकाच ड्राइव्हमध्ये कट-पेस्ट केलं की फाइल जागची हलत नाही, फक्त पत्ता बदलतो, आणि मूळ फोल्डरचं कुलूप तिच्यासोबत येतं. कॉपी-पेस्ट केलं तर नवीन फाइल बनते आणि ती नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. लग्नपत्रिका कॉपी झाली असणार, कॅलेंडर कट झालं असणार. विचारून बघा ऑपरेटरला, पण रागावू नका, हे त्याला माहीत असायचं काही कारण नाही.

दुसरीही एक शक्यता, आणि प्रेसमध्ये ही फार. जुना पीसी मेला, त्याची हार्ड डिस्क काढून नव्या पीसीला लावली, आणि नव्या पीसीवर यूजरचं नाव तेच ठेवलं, "ॲडमिन१". तुम्हाला वाटतं माणूस तोच. विंडोजला नावाशी देणंघेणं नाही, ते प्रत्येक खात्याला आतून एक लांबलचक नंबर देतं, एसआयडी, आणि कुलूप त्या नंबरला लावलेलं असतं. सिक्युरिटी टॅब उघडल्यावर नावाच्या जागी "अकाउंट अननोन" आणि एस-१-५-२१ ने सुरू होणारी आकड्यांची माळ दिसली तर समजा मालक मेलाय आणि किल्ली त्याच्याच खिशात आहे.

उपाय असा. आधी "जॉब्स" वर सिक्युरिटी टॅबमध्ये ऑपरेटर लोकांच्या यूजरला "मॉडिफाय" द्या, फुल कंट्रोलची गरज नसते. मालकीचा घोळ असेल तर ॲडव्हान्स्डमध्ये ओनर बदलून खालच्या सगळ्या फोल्डरना लागू करा. मग ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयसीएसीएलएस, स्पेस, "जॉब्स" चा पूर्ण पाथ, स्लॅश रिसेट, स्लॅश टी, स्लॅश सी. पाथच्या शेवटी उलटा स्लॅश आणि स्टार द्यायला विसरू नका, म्हणजे "जॉब्स" ला आत्ताच दिलेल्या परवानग्या शाबूत राहतात आणि फक्त आतल्या सगळ्याचं जुनं कुलूप निघून "जॉब्स" चं लागतं. फाइल्स जास्त असतील तर वेळ लागेल, चहा घेऊन या. आणि हे फक्त त्या फोल्डरवर! एका गृहस्थांनी उत्साहात हीच कमांड पूर्ण सी ड्राइव्हवर चालवली होती, त्यांच्याकडे मला विंडोज नव्यानेच टाकावं लागलं.

कोणाला नक्की काय मिळतंय हे बघायचं असेल तर ॲडव्हान्स्डमध्येच "इफेक्टिव्ह ॲक्सेस" टॅब आहे, यूजरचं नाव टाकलं की हिशोब करून दाखवतो. आणि "डिनाय" च्या रकान्याला हात लावू नका. मुलं फाइल डिलीट करतात म्हणून एकाने एव्हरीवनला डिनाय टिक केलं, एव्हरीवनमध्ये आपणही येतो हे विसरला, आणि डिनाय अलाउच्या वर असतं.

प्रश्न: हायस्कूलच्या लॅबमध्ये २६ कॉम्प्युटर आहेत. माझ्या विंडोज पीसीवर धडे आणि व्हिडिओचा फोल्डर शेअर आहे. पहिल्या मुलांना उघडतो, शेवटच्या पाच-सहा जणांना "आता आणखी कनेक्शन करता येत नाहीत" असं येतं. कॉम्प्युटर बदलून बसवलं तरी तेच, जो उशिरा येतो त्याचं बंद.
— कॉम्प्युटरच्या मॅडम, सातारा जिल्हा

उत्तर: मॅडम, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. साध्या विंडोजमध्ये, होम असो की प्रो, एकाच वेळी २० कनेक्शनची मर्यादा आहे. ही लायसन्सची अट, कुठल्या सेटिंगने वाढत नाही. एक्सपी प्रो मध्ये तर दहाच होती. त्याच्या पुढे हवं तर विंडोज सर्व्हर घ्या असं म्हणणं आहे मायक्रोसॉफ्टचं, आणि शाळेला ते परवडायचं नाही.

तात्पुरतं म्हणजे, वापर झाला की मुलांना फोल्डरची खिडकी बंद करायला सांगा. रिकामं पडलेलं कनेक्शन १५ मिनिटांनी आपोआप सुटतं, पण तुमचा तास ३५ मिनिटांचा. कायमचं म्हणाल तर लॅबच्या कोपऱ्यात जो जुना पीसी पडलेला असतोच, त्यावर लिनक्स टाकून सांबा चालवा. सांबा म्हणजे विंडोजच्या शेअरिंगची भाषा बोलणारं फुकट सॉफ्टवेअर, १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या माणसाने सुरू केलं, त्याला २० ची अट नाही. एक लक्षात ठेवा, लिनक्सचा लॉगिन पासवर्ड आणि सांबाचा पासवर्ड वेगळे असतात, एसएमबीपासडब्ल्यूडी कमांडने दुसरा द्यावा लागतो. तो न दिल्यामुळेच सांबा लावणारे निम्मे लोक पहिल्या दिवशी कपाळावर हात मारतात.

प्रश्न: आमच्या झेरॉक्स मशीनवरून स्कॅन केलं की थेट पीसीच्या फोल्डरमध्ये जायचं. पीसी नवीन घेतल्यावर मशीन "कनेक्शन फेल" म्हणतं. मेकॅनिक एसएमबी१ चालू करून गेला, आता चालतंय, पण ॲन्टीव्हायरस लाल दाखवतो. चालू ठेवू का?
— झेरॉक्स सेंटर, लातूर

उत्तर: नको. मेकॅनिकने तुमचं काम चालू केलं हे खरं, पण ज्या दाराने चोर शिरला होता तेच उघडून गेला.

एसएमबी१ म्हणजे विंडोजच्या शेअरिंगच्या भाषेची सगळ्यात जुनी आवृत्ती. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाइल्स अडकवून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या एसएमबी१ मधल्या भोकातून, आणि मायक्रोसॉफ्टने त्याचं ठिगळ दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं, लोकांनी लावलं नव्हतं. जूनमध्ये नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला, त्यानेही तेच भोक वापरलं आणि आपल्या उरणजवळ जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. त्यानंतर विंडोज १० च्या त्या वर्षीच्या शेवटच्या व्हर्जनपासून एसएमबी१ आपोआप चालू येत नाही, म्हणून तुमच्या नव्या पीसीला मशीनची भाषा कळेना.

आधी मशीनच्या सेटिंगमध्ये एसएमबी२ किंवा ३ चा पर्याय आहे का बघा, बऱ्याच मॉडेलना फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केल्यावर तो येतो. नसेल तर स्कॅन टू ईमेल, किंवा सरळ पेनड्राइव्ह. तुमच्याकडे गिऱ्हाईकांचे पेनड्राइव्ह दिवसभर लागतात, व्हायरस कुठूनही येऊ शकतो, त्यात एसएमबी१ उघडं म्हणजे एका मशीनचं सगळ्या मशीनना लागायला वेळ नाही.

प्रश्न: झेड ड्राइव्ह मॅप केलाय, माय कॉम्प्युटरमध्ये दिसतो, पण अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पाथ दिला की सापडत नाही.
— अकाउंटंट, इचलकरंजी

उत्तर: सॉफ्टवेअर "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" ने उघडताय. विंडोजच्या दृष्टीने साधे तुम्ही आणि ॲडमिनिस्ट्रेटर तुम्ही हे दोन वेगळे लॉगिन, एकाने मॅप केलेला ड्राइव्ह, म्हणजे नेटवर्कवरच्या फोल्डरला दिलेलं झेडसारखं अक्षर, दुसऱ्याला दिसत नाही. साधं उघडा, नाहीतर झेड ऐवजी दोन उलट्या स्लॅशवाला पूर्ण पाथ द्या.

प्रश्न: सर आमच्या पतसंस्थेत रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर सर्व्हरचा फोल्डर उघडत नाही, दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप चालू होतो. सकाळी आणि संध्याकाळी काही त्रास नाही. नेटवर्कवाल्याने केबल बदलल्या, स्विच बदलला.
— क्लार्क, सांगली जिल्हा

उत्तर: तुम्ही ज्याला सर्व्हर म्हणताय तो साधा पीसीच असणार, आणि त्यावर एरवी कोणीतरी बसत असणार. ते जेवायला गेले की अर्ध्या तासात पीसी स्लीपमध्ये जातो, ते येऊन माउस हलवतात तेव्हा उठतो. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप "नेव्हर" करा. स्क्रीन बंद झाली तर होऊ दे, तिचा संबंध नाही. आणि जुना स्विच फेकला नसेल तर परत मागून घ्या, त्याच्यात काही बिघाड नव्हता.